दप्तर कोणाच्या हाती

दर्यापूर किंवा अकोट तालुक्यात कुणी तीन एकर काळी जमीन विकत घेतली, की दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खरेदीखत नोंदवलं जातं आणि त्याची सूचना ऑनलाइन गावच्या तलाठ्याच्या संगणकावर येऊन पडते. तलाठी फेरफार तयार करतो, नोटिसा काढतो, हरकतीची मुदत संपायची वाट पाहतो. पण तीच नोंद मंजूर करायचं बटन त्याच्या लॉगिनमध्ये नाही. ते मंडळ अधिकाऱ्याच्या लॉगिनमध्ये आहे, आणि मंडळ अधिकाऱ्याला स्वतः होऊन नवा फेरफार घालता येत नाही. जुन्या सातबाऱ्यातली चूक दुरुस्त करायची तर तहसीलदाराचा आदेश लागतो, मात्र आदेशाची नोंद घ्यायला पुन्हा तलाठ्याचाच हात लागतो. ज्याची जमीन, तो शेतकरी मोबाइलवर हे सगळं बघू शकतो. बदलू काहीच शकत नाही.

संगणकवाले याला वापरकर्त्यांचे प्रकार आणि त्यांच्या परवानग्या म्हणतात. ई-फेरफारची आज्ञावली पुण्यात, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रात लिहिली गेली. तिच्यातली पात्रं मात्र नवी नव्हती. वऱ्हाडच्या खेड्यांत ती चारशे वर्षांपासून वावरत होती आणि एकमेकांवर डोळा ठेवून होती. जमिनीवर सत्ता कोणाची, हा प्रश्न इथे नेहमीच दोन तुकड्यांत विचारला गेला: दप्तरात लिहितो कोण आणि लिहिलेलं खरं ठरवतो कोण. कसणाऱ्याचा नंबर बराच खाली लागायचा.

१५९६ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीनं वऱ्हाड अकबराच्या हवाली केलं. मुघलांना नव्या सुभ्याचा महसूल हवा होता आणि महसुलासाठी गावपातळीवरची माणसं ओळखणं भाग होतं. अबुल फजलनं आईन-ए-अकबरीत वऱ्हाडाचं वर्णन करताना ही ओळखपरेड करून ठेवली आहे. हिंदुस्थानात ज्याला चौधरी म्हणतात तो इथला देशमुख, कानुनगो तो देशपांड्या, मुकद्दम तो पाटील आणि पटवारी तो कुलकर्णी. गावात दोघं, परगण्यात दोघं. दोन्हीकडे मांडणी एकच होती. एक जण वसुली करायचा, दुसरा लिहायचा. पाटील सारा गोळा करी, पण हिशेब कुलकर्ण्याच्या वहीत. देशमुख परगण्याचा धनी, पण परगण्याचं दप्तर देशपांड्याच्या घरी. पैसा ज्याच्या हातात त्याच्या हातात लेखणी द्यायची नाही, ही काळजी कुठल्याही सुलतानाच्या फर्मानाहून जुनी असावी. पाटील आणि कुलकर्णी एकत्र जेवायला बसले तर तिचं काय होतं, हा प्रश्नही तितकाच जुना.

सहीची व्यवस्थाही होती. जुन्या मराठी महजरांवर, म्हणजे निवाड्याच्या कागदांवर, पाटलाच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’ असते. अक्षर न येणाऱ्या माणसाची ती सही, आणि तिला वजन होतं. मजकूर लिहिणारा वेगळा, निशाणी करणारा वेगळा. दस्त पुरा व्हायला दोन्ही लागत.

या कागदी जगाबाहेर आणखी एक अधिकार होता आणि तो कुठल्याही वहीत सापडत नाही. गावाची शीव कुठून जाते यावर दोन गावांत तंटा झाला, की महाराचा शब्द अखेरचा मानला जाई. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये छापलेल्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींच्या ग्रंथात हे नोंदलं आहे, आणि बिदरच्या बादशहानं आपल्याला बावन्न हक्क दिले हा वऱ्हाडच्या महारांचा दावाही त्यात आहे. दप्तराला हात लावायची मुभा ज्याला कधीच नव्हती, त्याच्या पावलांनी दप्तरातल्या गावाची हद्द ठरत होती. व्यवस्थेला त्याचं ज्ञान हवं होतं, त्याचं अक्षर नको होतं. शाळेची दारं त्याला का बंद राहिली याचं एक उत्तर इथेही शोधता येईल.

अठराव्या शतकात या रचनेवर दुहेरी ओझं पडलं. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर वऱ्हाड हैदराबादच्या निजामाकडे गेलं, पण मराठ्यांचा, पुढे नागपूरकर भोसल्यांचा, वसुलीतला वाटा कायम राहिला. एकाच गावावर दोन सरकारांचे दोन अंमलदार, ही ती दोअमली. १८०३ च्या नोव्हेंबरात अडगावला आणि डिसेंबरात गाविलगडावर भोसल्यांचा पराभव झाला, देवगावचा तह झाला, आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख एकट्या निजामाचा उरला. गावकऱ्यांना त्यानं फारसा दिलासा मिळाला नाही. हैदराबादच्या दरबाराला रोकड हवी होती आणि वसुलीचे मक्ते सावकारांना विकले जाऊ लागले. पूरणमल या सावकारानंतर पेस्तनजी मेहेरजी या मुंबईच्या पारशी पेढीनं एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकात वऱ्हाडाचा वसूल घेतला. मक्तेदाराला दप्तर बघायची गरजच नव्हती. त्याला आकडा ठाऊक होता. नोंदीची चौकट तशीच उभी होती, पण तिला वळसा घालून वर-खाली जायचा जिना पैशानं बांधून घेतला होता.

मग १८५३ उजाडलं. निजामाच्या थकलेल्या कर्जापोटी आणि फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं. कागदावर मालकी निजामाची, कारभार इंग्रज रेसिडेंटाचा. पूर्व वऱ्हाडचं ठाणं अमरावती, पश्चिम वऱ्हाडचं अकोला. ही विचित्र स्थिती पुढे १९०२ च्या कायमच्या भाडेपट्ट्यापर्यंत आणि नावापुरती त्यानंतरही चालू राहिली. या पट्ट्यासाठी निजामाला वर्षाला पंचवीस लाख रुपये ठरले. १९०३ पासून कारभार नागपूरच्या मध्य प्रांताशी जोडला गेला.

इंग्रजांनी मधल्या दोघांना उचलून बाजूला ठेवलं. देशमुख आणि देशपांडे यांच्याकडचं वसुलीचं काम गेलं, त्यांच्या वाट्याला उत्पन्नाच्या बदल्यात नेमणुका आणि पेन्शनी आल्या. अमरावती-अकोल्यात आज दर चौथ्या पाटीवर देशमुख दिसतात. खातं बंद झालं, नाव चालू राहिलं. गावातले दोघं मात्र इंग्रजांना लागणारच होते. साठच्या दशकापासून मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी सुरू झाली, शेतांना सर्व्हे नंबर पडले, तीस वर्षांसाठी सारा ठरला. प्रत्येक शेताचा नंबर, आकार, सारा आणि धारकाचं नाव लिहायचं म्हणजे लिहिणारा हात हवाच. तो पटवाऱ्याचा. वसुलीचा पाटलाचा. पाटीलही पुढे दोन झाले, मुलकी आणि पोलीस. १८७० मध्ये आल्फ्रेड लायल यांनी वऱ्हाडाचं गॅझेटियर संपादित केलं, तेव्हा ते पश्चिम वऱ्हाडचे कमिशनर होते. त्या पुस्तकात डोकावलं की कळतं, परक्या अधिकाऱ्याला मुलूख दिसतो तो पाटील-पटवाऱ्याच्या कागदांतूनच. पटवाऱ्यानं जे लिहिलं नाही ते अकोल्याच्या कचेरीला दिसत नव्हतं.

१८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडातल्या पऱ्हाटीला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली. जमिनीला किंमत आली तशी सातत्यानं हस्तांतरं होऊ लागली. गहाण पडलेली शेतं सावकाराच्या नावावर चढू लागली. आता दप्तर वाचता येणं ही नुसती विद्या राहिली नाही, ते हत्यार झालं. सावकाराच्या मुनिमाला वाचता येत होतं, कुणब्याला येत नव्हतं. नोंद उघड होती, चावडीवर ऐकता येत होती, कुणी लपवलेली नव्हती. तरी ती एकालाच दिसत होती. परवानगी आणि पोहोच यांतला हा फरक आजही जागचा हललेला नाही.

१९०० मध्ये वऱ्हाडासाठी पाटील आणि पटवाऱ्यांचा स्वतंत्र कायदा झाला. दोन्ही कामं वतनी, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणारी. मोबदला वसुलीच्या प्रमाणात. वतनदाराला स्वतः काम करता येत नसेल तर त्याच्या जागी गुमास्ता. कायद्याच्या दृष्टीनं हा फार मोलाचा भाग होता, कारण अधिकार एकाच्या नावावर आणि काम दुसऱ्याच्या हातून, ही गोष्ट सरकारनं लपवून न ठेवता नोंदवून घेतली. गुमास्ता कोण, हे सरकारला माहीत असायचं. वतन मोठ्या घराण्याचं, गुमास्ता गरीब आणि अक्षर चांगलं असलेला, असा जोड कित्येक गावांत होता. आज तलाठी कार्यालयांत बिनपगारी खासगी मदतनीस बसतो तेव्हा या गुमास्त्याची आठवण होणं साहजिक आहे. फरक इतकाच की मदतनिसाचं नाव कुठेही लिहिलेलं नसतं.

वतनी पटवाऱ्याकडे किती सत्ता होती, हे जुनी माणसं सांगतात त्याहून त्याच्या कामाच्या पद्धतीतून जास्त कळतं. दप्तर त्याच्या घरात. बदलीचा प्रश्न नाही. शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून भांडण झालं तर साक्ष वहीची आणि वही त्याची. कुठल्याही व्यवस्थेत सगळ्यांत मोठा धोका खालच्या पायरीवरच्या अशा माणसाकडून असतो, ज्याच्याकडे नाव छोटं आणि किल्ली मोठी असते. इंग्रज अधिकाऱ्यांनी हिवाळी दौरे, शेतावर जाऊन तपासणी, गिरदावर म्हणजे मंडळ निरीक्षक ही सगळी व्यवस्था उभी केली ती पटवाऱ्यावर नजर ठेवायला.

जन्म-मृत्यूच्या वह्यांचीही अशीच गोष्ट आहे. विदर्भात त्यांना कोतवाल बुक म्हणतात. कोतवाल गावकामगारांत सगळ्यांत खालचा. त्याच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या त्या जीर्ण वह्यांत मूल झाल्याची तारीख, बापाचं नाव आणि जात असे. जातपडताळणीसाठी १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो तेव्हा अमरावती-अकोल्याच्या तहसीलांत लोक या वह्यांच्या नकलांसाठी रांगा लावतात. दप्तरातल्या सगळ्यांत दुर्लक्षित कागदाला शंभर वर्षांनी असा मान आला.

स्वातंत्र्यानंतर वऱ्हाड आधी मध्य प्रदेशात राहिलं, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आलं. वतनं गेली. १९६२ च्या कायद्यानं महसुली पाटलाचं पद रद्द झालं आणि १९६३ च्या पहिल्या दिवसापासून शतकानुशतकांची मुलकी पाटीलकी थांबली. पोलीस पाटील उरला, त्याला १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाचा आधार मिळाला, पण जमिनीच्या नोंदीत आज त्याला काडीचाही अधिकार नाही. पटवाऱ्याच्या जागी पगारी, बदलीपात्र तलाठी आला. २०२४ मध्ये शासनानं त्याचं नाव ग्राम महसूल अधिकारी केलं. वऱ्हाडातल्या गावात तो अजूनही पटवारीच आहे आणि बहुधा राहील.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा. त्याची कलमं १४९ आणि १५० वाचली तर एखाद्या चांगल्या संगणकप्रणालीचा आराखडा वाचतो आहोत असं वाटतं. जमिनीत हक्क मिळाला की तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं. तलाठी ते फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये लिहिणार. त्याची प्रत चावडीत लावणार आणि ज्यांचा संबंध आहे त्या सगळ्यांना लेखी कळवणार. हरकत आली तर ती वेगळ्या नोंदवहीत, नमुना सहा-अ मध्ये, आणि निवाडा वरच्या अधिकाऱ्याचा. हरकत नसेल तरी तलाठ्याच्या लिहिण्यानं काहीच खरं होत नाही. अव्वल कारकुनापेक्षा कमी दर्जाचा नसलेला अधिकारी ती नोंद प्रमाणित करणार. बिनहरकत नोंदींपुरती ही मुभा मंडळ अधिकाऱ्याला दिली गेली. प्रमाणित झालेली नोंद मग विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, असं कलम १५७ सांगतं.

या मजकुराच्या मागे एक साधी कारकुनी रीत होती आणि ती सांगण्यासारखी आहे. फेरफार लिहिला, पण प्रमाणित झाला नाही, तोवर सातबाऱ्यावर नवं नाव पेन्सिलीनं लिहायचं. मंजुरी आली की शाईनं. आणि जुनं नाव खोडायचं नाही, कंसात घालायचं. म्हणून जुना हस्तलिखित सातबारा हातात घेतला की कंसांच्या ओळीत त्या शेताचा सगळा इतिहास वाचता येतो. आजोबा कंसात, काका कंसात, सोसायटीचा बोजा कंसात, पुसलेला कोणीच नाही. ‘कंस झाला’ हा वऱ्हाडातल्या कास्तकाराला पूर्ण कळणारा शब्दप्रयोग आहे. घरात वाटणी झाली, वडील गेले, कर्ज फिटलं, की कंस.

अमेरिकेत ही रीत संगणकांसाठी पुन्हा सुचायला १९८७ साल उजाडावं लागलं. एमआयटीचे डेव्हिड क्लार्क आणि हिशेबतपासणीच्या पेढीतले डेव्हिड विल्सन यांनी त्या वर्षी एक निबंध मांडला. तोवर संगणकाच्या सुरक्षेचं बहुतेक तत्त्वज्ञान लष्करानं घडवलं होतं, आणि लष्कराची काळजी होती गुपित कोण वाचतो याची. या दोघांनी म्हटलं, धंद्याची काळजी वेगळी आहे, तिथे प्रश्न आहे लिहितो कोण. त्यांनी उदाहरण दिलं ते हिशेबनिसाच्या शाईचं: चुकलं तर खोडायचं नाही, दुरुस्तीची वेगळी नोंद करायची, आणि एका माणसाच्या हातात पूर्ण व्यवहार द्यायचा नाही. त्याआधी १९७५ मध्ये सॉल्टझर आणि श्रोडर यांनी कामापुरताच अधिकार द्यावा, एक कणही जास्त देऊ नये, हे सूत्र लिहून ठेवलं होतं. १९९२ मध्ये फेराइओलो आणि कुन यांनी परवानग्या माणसाला न देता पदाला द्याव्यात अशी मांडणी केली, म्हणजे माणूस बदलला तरी पदाच्या परवानग्या त्याच. तिवस्याच्या तलाठ्याची बदली चांदूर बाजारला झाली, तर जुन्या सजाचं, म्हणजे त्याच्याकडच्या गावांचं, दप्तर नव्या तलाठ्याच्या स्वाधीन करून पंचनामा करायचा, हा नियम वापरणाऱ्याला यात नवं काही वाटलं नसतं.

मग पेन्सिल गेली. भूमिअभिलेखांच्या आधुनिकीकरणाचा केंद्राचा कार्यक्रम २००८ मध्ये सुरू झाला, आणि पुढच्या दशकात महाराष्ट्रातले सातबारे संगणकात चढवले गेले. हस्तलिखितावरून टंकताना लाखो शेतांच्या नोंदींत चुका आल्या. क्षेत्र जुळेना, नाव चुकलं, भोगवटादाराचा वर्ग बदलला. ते निस्तरण्यासाठी २०१७ मध्ये गावोगाव चावडीवाचन झालं: तलाठ्यानं सातबारा मोठ्यानं वाचायचा, लोकांनी हरकत सांगायची. म्हणजे सगळ्यांत आधुनिक नोंद तपासायला सगळ्यांत जुनी रीतच हाताशी आली. त्यानंतर दुरुस्तीसाठी कलम १५५ चा रस्ता उरला, त्यात तहसीलदाराच्या आदेशाशिवाय संगणकातलं अक्षर हलत नाही. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्यात सुरू झाला. नंतर तो पंधरा रुपयांत घरबसल्या काढता येऊ लागला. २०२० च्या नव्या नमुन्यात कंसही गेला. मयत खातेदार आणि फिटलेला बोजा आता आडव्या रेषेनं खोडलेला दिसतो. इतिहास तसाच राहिला, फक्त त्याची खूण बदलली.

वही होती तेव्हा खोटी नोंद करायची तर पान फाडावं लागे, शाई जुळवावी लागे, कधी सगळी वहीच जाळावी लागे. आता प्रत्येक नोंदीला वेळ आणि लॉगिन चिकटलेलं असतं. हा खराखुरा फायदा आहे आणि त्याला कमी लेखू नये. पण तलाठ्याची डिजिटल स्वाक्षरी एका छोट्या डोंगलमध्ये असते, आणि डोंगल कुणाच्या खणात आहे हे यंत्राला कळत नाही. दोन हात वेगळे ठेवायचे म्हणून जी कडेकोट मांडणी केली, ती दोन डोंगलं एकाच टेबलावर ठेवली की संपते. त्यासाठी तोतयेगिरी लागत नाही. कामाचा ढीग, एकाकडे तीन-चार सजांचा कार्यभार आणि मार्चअखेर एवढं पुरतं.

हीच किल्ली संपाचंही साधन झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्यभरातल्या तलाठ्यांनी आपल्या डिजिटल स्वाक्षऱ्या तहसील कार्यालयांत जमा करून आंदोलन केलं. जुन्या काळी पटवाऱ्यांचा संप म्हणजे दप्तर बंद. आता मूठभर डोंगलं एका पाकिटात घातली की फेरफार थांबले. मंजुरीचं बटन दुसऱ्याच्या हाती होतं, पण मंजूर करायला काही येतच नव्हतं.

आणखी एक बदल कमी बोलला जातो. कागदाच्या काळात गावच्या वहीवर अमरावतीच्या आयुक्ताचाही हात थेट पोहोचत नव्हता, मग पुण्याचा तर सोडाच. आता सगळा साठा एका जागी आहे. चिखलदऱ्याच्या तलाठ्याला आज नोंद घेता येईल की नाही, हे मेळघाटच्या मोबाइल मनोऱ्यावर आणि सर्व्हरच्या तब्येतीवर ठरतं. तहसीलात एका नायब तहसीलदाराला डीबीए, म्हणजे माहितीसाठ्याचा व्यवस्थापक, नेमलेलं असतं, गावपातळीवरची लॉगिन उघडणं-बंद करणं त्याच्याकडे. मंडळ अधिकाऱ्याहून, काही बाबतींत तहसीलदाराहूनही, या माणसाची गरज रोज जास्त पडते. आईन-ए-अकबरीतल्या चौघांत त्याच्यासारखा कोणी नाही.

वाचण्याचा अधिकार मात्र या वर्षांत पुरता सैल झाला. महाभूलेखच्या पानावर सहा महसुली विभाग दिसतात. त्यांतला अमरावती निवडला की अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशिम या पाच जिल्ह्यांतला कुठलाही सातबारा कुणालाही बघता येतो. बिनसहीचा, माहितीपुरता. सावकाराच्या मुनिमाची जी मक्तेदारी होती ती गेली, हे नाकारता येणार नाही. शेजारच्या शेतावर किती कर्ज आहे हे पाहून लग्न जुळवणारेही निघाले, तो या मोकळेपणाचा वेगळाच खर्च.

लिहिण्याच्या अधिकारात खरी फट पडली ती १५ ऑगस्ट २०२१ रोजी. त्या दिवशी राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. सातबाऱ्याचा खालचा भाग, नमुना बारा, म्हणजे कुठल्या शेतात काय पेरलं त्याची नोंद. वऱ्हाडात याला पेरेपत्रक म्हणतात. ती आजवर पटवाऱ्यानं शेतावर जाऊन करायची आणि बहुतेक वेळा त्यानं चावडीत बसूनच केलेली असायची. म्हणून संत्र्याच्या बागेत ज्वारी आणि पडीक जमिनीत तूर असे चमत्कार सातबाऱ्यावर नांदत होते. आता शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा आणि पेरा भरायचा. पुढच्या आवृत्तीत त्याची नोंद स्वयंप्रमाणित मानली गेली, तलाठ्याकडे उरली फक्त दहा टक्क्यांची पडताळणी. चुकलं तर अठ्ठेचाळीस तासांत दुरुस्ती शेतकऱ्यानंच करायची.

चारशे वर्षांत कसणाऱ्याच्या हातात दप्तराचा एक रकाना प्रथमच आला, आणि तो रकाना फुकाचा नाही. भारतीय कापूस महामंडळाला कापूस हमीभावानं घालायचा असो की नाफेडच्या केंद्रावर तूर, सातबाऱ्यावर त्या पिकाचा पेरा लागतो. पीकविम्यालाही आणि अतिवृष्टीच्या मदतीलाही तीच नोंद बघतात. खरिपाच्या शेवटच्या आठवड्यात गावातली एखादी कॉलेजात जाणारी पोर एका मोबाइलवरून अर्ध्या पुऱ्याचा पेरा भरून देताना दिसते. तिच्या मोबाइलमध्ये अनेक खातेदार असतात, तिच्या स्वतःच्या नावावर एक गुंठाही नसतो. १९०० च्या कायद्यातला गुमास्ता नोंदवलेला तरी होता.

अ‍ॅप उघडलं की ते खातेदार निवडायला सांगतं. खातेदारांची यादी येते ती सातबाऱ्यावरून, म्हणजे ज्याच्या नावावर जमीन त्याच्यासाठीच दार उघडतं. नवऱ्यानं आत्महत्या केल्यावर शेत एकटीनं कसणारी बाई वारस नोंद होईपर्यंत या यादीत नसते. वारस नोंदीचा रस्ता नमुना सहा-क मधून आणि व्यवहारात बहुधा सासरच्या माणसांच्या संमतीतून जातो. १९९२ मध्ये शासनानं लक्ष्मी मुक्ती योजना आणली, बायकोचं नाव सातबाऱ्यावर चढवण्यासाठी. तिच्या आधी शेतकरी संघटनेनं याच नावानं चळवळ चालवली होती. ज्या घरांत तेव्हा ते नाव चढलं तिथे आज अ‍ॅपवर अडचण येत नाही.

आणि ठोक्यानं किंवा बटईनं वाहणारा? तो वऱ्हाडात प्रत्येक गावात आहे. एकरी ठरलेली रक्कम आधी मोजून, बियाणं-खत स्वतःचं घालून, पऱ्हाटीचा चार वेचण्यांचा हंगाम तो काढतो. अ‍ॅपमध्ये त्याच्यासाठी वापरकर्त्याचा प्रकारच नाही. तो शेतात उभा राहतो, फोटो काढतो आणि मालकाच्या नावापुढे आपला पेरा भरतो. गारपीट झाली तर मदतीची रक्कम अमरावतीत नोकरीला असलेल्या मालकाच्या खात्यावर जाते, आणि ती मागायला कसणाऱ्यानं कुठल्या नोंदीचा आधार घ्यायचा हे अजून कुठल्याच नमुन्यात लिहिलेलं नाही.